मंगळवारचा काळा धूर

फोन वाजला तेव्हा भावना रंगारी एका टॅक्सीखाली आडवी पडून बोल्ट आवळत होती. तिनं हात पुसला आणि झोपल्या झोपल्याच फोन कानाला लावला. पलीकडे फौजदार उन्मेष ठवरे होते.

“भावनाताई, हरकरे वकिलाची गाडी तुमच्याचकडे होती ना?”

“होती. मागच्या गुरुवारी पाहून देली. काहून?”

“काल सकाळी सावनेर रोडवर नालीत गेली. वकिलसाहेबाचं खुब्याचं हाड मोडलं. अन् एक बाई गाडीखाली सापडली, स्कूटरवाली. कुसुमताई वासनिक, आरोग्यसेविका आहे. गुडघ्याखाली पाय काढावा लागला तिचा.”

भावना गाडीखालून बाहेर सरकली आणि तिथंच फरशीवर बसून राहिली.

“ड्रायव्हर दादाजीले आत घेतलं आहे,” उन्मेष म्हणाले. “वकिलाचा पोरगा गौरांग म्हणते का दादाजी डिझेल चोरून भेसळ भरत होता. अन् तुम्ही त्याले सामील होत्या. तक्रारीत तुमचंही नाव येऊन राहिलं. म्हणून सांगतो, पहिले.”

मानेवाडा रिंग रोडवर भावनाचं गॅरेज होतं. त्याआधी चौदा वर्षं ती एका मोठ्या वर्कशॉपात होती. इंजिनाचा रोग ओळखावा तर भावनानं, असं गाडीवाले म्हणत. हरकरे वकिलांची डिझेल गाडी, २०१४ची, तेव्हापासून तिच्याच हाताखालची. गेल्या महिन्यात ती तीन वेळा तिच्याकडे आली होती. तक्रार एकच : इंजिन ओढत नाही, दम जातो. तिन्ही वेळा भावनानं गाडी तपासली, चालवून पाहिली. पहिल्या खेपेला हवेचा फिल्टर बदलला, दुसऱ्या खेपेला डिझेलचा. तिसऱ्या खेपेला लिहून दिलं की दोष आढळला नाही.

आता एका बाईचा पाय गेला होता.

गुरुवारी सकाळी ती गॅरेजवर आली तेव्हा बोर्डावरच्या तिच्या नावाला कोणीतरी जळकं ऑइल फासलं होतं. शेजारच्या टायरवाल्यानं तिला फोनमधला गौरांगचा संदेश दाखवला. तिच्या दुकानाचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ‘या बाईच्या भरवशावर जीव सोपवू नका.’ लक्ष्मीनगरातल्या त्याच्या घरापासून मिहानमधल्या त्याच्या कंपनीपर्यंत तो संदेश फिरला होता. दुपारपर्यंत चार जण आपल्या गाड्या परत घेऊन गेले.

भावनानं बोर्ड पुसला नाही. ज्यानं हे आपल्यावर आणलं त्याला सोडायचं नाही, एवढं तिनं ठरवलं आणि स्कूटर काढली.

*

ठाण्याच्या आवारात गाडी डाव्या अंगानं चेपून उभी होती. उजवी बाजू शाबूत होती आणि बॉनेट उघडत होतं.

“तुम्ही संशयित आहा,” उन्मेष म्हणाले. “हात लावाल तो माझ्यासमोर. अन् शिपाई व्हिडिओ काढन.”

“काढू द्या. मले तेच पाहिजे.”

तिनं आधी स्कॅनर जोडला. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये अपघाताच्या क्षणाची नोंद होती. ती तिनं शिपायाच्या कॅमेऱ्यासमोर मोठ्यानं वाचली. डिझेलचा दाब, पूर्ण. हवा, लागते त्याच्या निम्मीसुद्धा नाही.

मग तिनं टाकीतलं डिझेल काचेच्या बाटलीत काढलं आणि उजेडात धरलं. ते स्वच्छ होतं.

शेवटी फिल्टरचा डबा. चार क्लिपा काढून तिनं झाकण उचललं. आत फिल्टर जागेवर होता, डबा मोकळा. एका क्लिपेच्या बिजागरीत मात्र एक बोटभर पांढरट जाड दोरा अडकला होता.

भावनानं फिल्टर उचलून उलटा केला आणि बराच वेळ पाहत राहिली.

“काय झालं?” उन्मेषनी विचारलं.

“हा फिल्टर महिन्यापूर्वी मीच टाकला. त्याच्यानंतर दोनदा गाडी आली, अन् दोन्ही वेळा मी तो वरून पाहिला. उलटा नाही केला.” ती म्हणाली. “चूक झाली माही.”

हवा खालून येते, म्हणून धूळ फिल्टरच्या खालच्या तोंडावर बसते. त्या तोंडावर कडेकडेनं काळी, कोळशाची धूळ होती. सावनेरकडच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक चालतात, तिथली. पण मधोमध, वहीच्या पानाएवढ्या चौकोनात, काळ्याचा कण नव्हता. तिथं फक्त शहरातली तपकिरी माती होती.

उन्मेषनी वाकून पाहिलं. त्यांना काही बोध झाला नाही. भावनानं तो फिल्टर पंचनाम्यात घ्यायला लावला, दोरा पाकिटात घालायला लावला आणि विचारलं, “मंगळवारपासून या गाडीजवळ कोण कोण आलं?”

ठाण्याची वही निघाली. बुधवारी तीन नावं होती. दहा वाजता गौरांग हरकरे, फोटो काढायला. साडेअकराला विमा कंपनीचा माणूस. एक वाजता यमुताई हरकरे, वकिलांच्या पत्नी. साहेबांची औषधं, चष्मा आणि जेवणाचा डबा न्यायला.

“तिघांसोबत तुमचा माणूस उभा होता?”

शिपायानं कॅमेरा खाली केला. “विमावाल्यासोबत होतो जी पूर्ण वेळ. गौरांगभाऊ पाच मिनिटं एकटे होते. बाईंले चक्कर आल्यासारखं झालं, त मी पाणी आणाले गेलो होतो.”

*

दादाजी कोठडीत भिंतीला टेकून बसले होते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण दोन दिवसांत सत्तरीचा दिसत होता. त्यांच्यासाठी एकही वकील उभा राहायला तयार नव्हता. समोर हरकरे होते ना.

“दादाजी, पहिल्यापासून सांगा. गाडी कशी वागे?”

“शहरात मक्खन. कोराडीपर्यंत काही नाही. मंग रस्ता मोकळा झाला, साठच्या वर नेली का ओढतच नाही. कोणी छातीवर बसल्यावाणी. पाय पूरा दाबला तरी नाही.”

“धूर?”

“काळा. आरशात मागचा रस्ता दिसे नाही.”

“पक्का काळा? पांढरा, निळा नाही?”

“काळाच वं माय. कोळशासारखा.”

“मंगळवारी काय झालं?”

“साहेबाले कोर्टात घाई होती. दर मंगळवारी सावनेरच्या कोर्टात त्याच्या तारखा राहतात. म्हणाले, घाल बाजूनं, ट्रक किती वेळ समोर ठेवशीन. मी म्हटलं, साहेब, गाडीचा भरवसा नाही. म्हणाले, घाल. मी घातली. अर्ध्यात आली अन् मेली. समोरून बस. मी डाव्या अंगाले वापस घेतली. ती बाई...” दादाजींनी तोंड फिरवलं. “मले दिसली नाही वं ती.”

भावनानं गजांतून पाण्याचा ग्लास पुढं केला.

“मंगळवारशिवाय कधी दम गेला?”

“नाही. मधातल्या रविवारी गौरांगभाऊ अन् सूनबाईले रामटेकले नेलं. ऐंशीनं गेलो. काही नाही.”

“मंगळवारी सकाळी गाडीची चाबी कोणाच्या हातात असते?”

“एक माह्याजवळ, एक घरात खिळ्यावर. गौरांगभाऊची गाडी मागं राहते, त थे रोज ही गाडी काढून बाहेर लावतात. मी पुसतो अन् चहा प्याले जातो. बाई डबा ठेवतात. साहेब बसतात. निघतो.”

“संध्याकाळी?”

“रडत-रखडत घरी आणतो. साहेब उतरतात. मी हातपाय धुवाले मागं जातो, बाई डबा काढून नेतात. दोन दिवसांनी तुमच्याकडं आणतो, त तुम्ही म्हणता चांगली आहे.”

“वापस येतानाही दम नसे?”

“नाही. तसाच काळा धूर.”

“अन् याच्या पहिले? जुन्या काळात कधी या गाडीनं असा दगा देला?”

दादाजींनी हाताची बोटं एकात एक गुंतवली, सोडवली.

“नाही,” ते म्हणाले. “या गाडीनं नाही देला.”

*

लक्ष्मीनगरच्या बंगल्यात दार गौरांगनं उघडलं. तिशीतला, मिहानमध्ये मोठ्या पगारावर असलेला. भावनाला पाहून त्यानं दार अर्धंच ठेवलं.

“तुम्हाला इथं यायची हिंमत कशी झाली?”

“तक्रारीत माझं नाव तुम्ही टाकलं. दोन प्रश्न विचारायचा हक्क आहे मला.” घरच्या बोलीत बोलायचं नाही असं ठरवून भावना शिस्तीत बोलली. “बुधवारी ठाण्यात गाडीचं बॉनेट उघडलं होतं तुम्ही?”

“मला बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही. मी फोटो काढले. आणि हो, मी बाबांना गाडी विकायला सांगत होतो, वकिली बंद करायला सांगत होतो, हे सगळ्या घराला माहीत आहे. तुम्हाला तेच विचारायचं असेल.”

“रोज सकाळी गाडी तुम्ही काढता.”

“दहा पावलं. रस्त्यापर्यंत.”

“गौरांग, आत येऊ दे त्यांना,” मागून आवाज आला.

यमुताई पासष्टीच्या, बारीक बांध्याच्या. त्यांनी भावनाला बसवलं, स्वतः चहा आणला. पुढ्यात कप ठेवताना हात जरासुद्धा हलला नाही.

“साहेब कसे आहेत?”

“ऑपरेशन झालं. सोमवारी घरी आणतील.”

“बुधवारी तुम्हाला चक्कर आली म्हणे.”

“ऊन होतं.” यमुताई समोर बसल्या. “तुमच्यावर उगीच आलं हे. गाड्यांचं असंच असतं. या गाडीनं पूर्वीही दगा दिला आहे आम्हाला.”

“कधी?”

“सहा वर्षं झाली. श्रावण होता. माझी मुलगी मधुवंती सावनेरला राहायची. तिनं तिथल्या शाळेतल्या एका शिक्षकाशी लग्न केलं होतं, धम्मदीप नाव त्याचं. ह्यांना पसंत नव्हतं. येणंजाणं बंद होतं. आठवा महिना होता तिला. सकाळी अंगावरून जायला लागलं आणि तिनं मला फोन केला. आई, गाडी पाठव. अॅम्ब्युलन्स दुसरीकडे गेली होती. मी ह्यांना म्हटलं. हे बाहेर जाऊन आले आणि म्हणाले, गाडी ओढत नाहीये, रस्त्यात बंद पडेल. दादाजीही तेच म्हणाला.” त्यांनी पदर सारखा केला. “धम्मदीपनं तिला मालवाहू टेम्पोतून आणलं. कोराडीच्या अलीकडं गेली ती. बाळही.”

गौरांग खिडकीशी पाठ करून उभा होता.

“तुमचं माहेर कुठलं?” भावनानं उठता उठता विचारलं.

“सावनेरचंच. वडिलांची डिझेलवर चालणारी पिठाची चक्की होती. त्या इंजिनाच्या आवाजात वाढले मी.”

*

भावना शुक्रवारी आपल्या जुन्या वर्कशॉपात गेली. तिथल्या ओळखीच्या बाईनं सहा वर्षांपूर्वीची नोंद काढून दिली. हरकऱ्यांची गाडी त्या श्रावणात सर्व्हिसिंगला आली होती. चालवून पाहणारीची सही भावनाचीच. पुढची खेप अडीच महिन्यांनी. तक्रार, मागचा एक दिवा लागत नाही. दम जाण्याचा शब्द नव्हता.

यमुताईंच्या मुलीच्या मृत्यूची तारीख तिनं नगरपालिकेतून नाही, धम्मदीपकडून फोनवर घेतली. तो एवढंच म्हणाला, “तारीख मले विसरता येत नाही.” सर्व्हिसिंगनंतरचा तिसरा दिवस होता तो.

शनिवारी तिनं तशीच एक गाडी मिळवली, त्याच वर्षाची. उन्मेषना शेजारी बसवलं. फिल्टरच्या खाली जाड सुती फडक्याची एक घडी घातली, झाकण लावलं आणि शहरातून निघाली. सिग्नल, वळणं, गर्दी; गाडी नेहमीसारखी चालली. बाह्यवळण रस्त्यावर तिनं वेग वाढवला. साठ झाले. मग गाडी जड झाली. भावनानं पाय तळापर्यंत दाबला. इंजिन ओरडत होतं, काटा हलत नव्हता.

उन्मेषनी आरशात पाहिलं. मागं काळे ढग सोडत ते चालले होते.

“डिझेल पुरतं, पण हवा पुरत नाही,” भावना म्हणाली. “म्हणून अर्धवट जळते अन् काळं निघते. डिझेल चोरलं असतं, तेल कमी आलं असतं, त दम गेला असता पण असा धूर निघाला नसता. दादाजी खरं बोलून राहिले.”

त्याच दुपारी ती पुन्हा कोठडीपाशी गेली आणि दादाजींना एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून परत आली तेव्हा तिनं उन्मेषना सांगितलं, “सोमवारी वकिलसाहेब घरी येतीन. आपण दादाजीले घेऊन जाऊ.”

*

सोमवारी दुपारी बैठकीतच हरकरे वकिलांचा, मधुकररावांचा पलंग लावला होता. आजारपणातही माणूस कोर्टात बसल्यासारखा ताठ. पलंगाशी गौरांग उभा, खुर्चीवर यमुताई. दाराजवळ शिपायासोबत दादाजी. उन्मेषनी भावनाला मान हलवून खूण केली.

“साहेब,” ती म्हणाली, “तुमच्या गाडीत दोष नव्हता. मी तीनदा तेच सांगितलं, कोणी ऐकलं नाही. गाडी फक्त मंगळवारी बिघडत होती. रविवारी रामटेकला ऐंशीनं जाणारी गाडी मंगळवारी साठला मरते, याचा अर्थ बिघाड गाडीत नाही. तो मंगळवारी कोणीतरी आत ठेवतो आणि संध्याकाळी काढून घेतो.”

“काय ठेवतो?” मधुकररावांनी विचारलं.

“फडकं. फिल्टरच्या खाली. शहरात इंजिनाला हवा कमी लागते, ती फडक्यातून येते. मोकळ्या रस्त्यावर जास्त हवा लागली की तेच फडकं फिल्टरला चिकटून बसतं. श्वास कोंडतो. माझ्या फिल्टरवर सावनेर रस्त्याची कोळशाची धूळ चारही कडांना आहे, मधल्या चौकोनात नाही. शहराची माती मात्र सगळीकडे आहे. म्हणजे शहरात फडकं नसायचं आणि सावनेरच्या रस्त्यावर, जाताना-येताना, प्रत्येक वेळी असायचं.”

“ड्रायव्हरच करू शकतो हे.”

“करू शकले असते. पण मंगळवारी अपघात झाला तेव्हा फडकं आतच होतं. गाडीच्या कॉम्प्युटरनं हवा कमी असल्याचं त्याच क्षणी नोंदवलं आहे. दादाजींना जागेवरच पकडलं. मी गुरुवारी झाकण उघडलं तेव्हा आत फडकं नव्हतं, क्लिपेत अडकलेला एक दोरा होता. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी ते काढून नेलं. दादाजी तर कोठडीत होते.”

गौरांगचा चेहरा उतरला. “मी फक्त फोटो...”

“तुम्ही नाही. तुम्ही सकाळी गाडी काढायचे, ते खरं. पण संध्याकाळी गाडी घरी यायची तेव्हा तुम्ही मिहानमध्ये असायचे. फडकं घालणारा आणि काढणारा एकच असणार, नाहीतर दोघांना गुपित सांभाळावं लागलं असतं. मंगळवारी सकाळी गाडीत काहीतरी ठेवायला जाणारं, संध्याकाळी तेच काढायला जाणारं आणि बुधवारी ठाण्यातून तेच घेऊन येणारं माणूस या घरात एकच आहे. डबा ठेवायला गेलं की दार उघडता येतं, आतून बॉनेटचा खटका ओढता येतो. डब्याखालचं फडकं डब्यासोबत जातं आणि येतं. त्याकडं कोण पाहणार?”

यमुताई भावनाकडं पाहत होत्या, जणू दुसऱ्याच कोणाची हकीकत ऐकत असाव्यात.

“बाईंना इंजिनातलं काय कळतं?” मधुकरराव म्हणाले. आवाज चढला होता. “हा सगळा तर्क आहे. कोर्टात टिकायचा नाही.”

“चक्कीचं जुनं इंजिन बेफाम झालं, बंद होईना, तर काय करतात साहेब? हवेच्या तोंडावर पोतं दाबतात. सावनेरला चक्कीत वाढलेल्या मुलीनं ते शंभरदा पाहिलं असेल.”

“आणि कशासाठी? माझ्या बायकोनं माझा जीव का घ्यावा?”

भावनानं दाराकडं पाहिलं. “दादाजी, शनिवारी मले जे सांगितलं थे इथं सांगा.”

दादाजींनी हात जोडले, पण कोणाकडं पाहून ते कळलं नाही.

“त्या दिवशी गाडी चांगली होती जी. तीन दिवसापहिले सर्व्हिसिंग झाली होती. साहेब बाहेर आले, म्हणाले, आत जाऊन सांग, गाडी ओढून नाही राहिली. मी म्हटलं, साहेब, पोरीचा सवाल आहे. म्हणाले, नोकरी पाहिजे का नाही. मी आत गेलो अन् सांगितलं.” त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. “सहा वर्षं मले झोप नाही. या उन्हाळ्यात बाईंले सांगून टाकलं. पाय धरले. बाई काहीच नाही बोलल्या. म्हणाल्या, मंगळवारपासून डबा मीच ठेवत जाईन.”

गौरांग वडिलांकडं वळला. “बाबा?”

मधुकररावांनी डोळे मिटले. “मला वाटलं, निमित्त आहे. घरी परत यायचं निमित्त करते आहे. इतकं झालं असेल असं...”

यमुताई उठल्या आणि आत गेल्या. शिपाई पुढं सरकला, उन्मेषनी त्याला हातानं थांबवलं. त्या परत आल्या तेव्हा हातात खादीचं दुहेरी शिवलेलं फडकं होतं. एका बाजूनं काळंकुट्ट, त्यावर फिल्टरच्या घड्यांच्या रेघा उमटलेल्या. एका कडेची शिवण उसवून दोरा लोंबत होता. त्यांनी ते नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

“धुतलं नाही मी,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षं मी त्या गाडीला शिव्या दिल्या. पोर्चमधून जाताना तिच्याकडं बघायचे नाही. गाडीची काही चूक नव्हती.”

“यमू...”

“तुम्ही मरावं असं मला वाटलं नाही. तुम्ही त्याच रस्त्यावर अडकून पडावं, उन्हात उभं राहून हात करावा आणि कोणी थांबू नये. दर मंगळवारी. घरी येऊन तुम्ही म्हणायचे, गाडी ओढत नाही. मी म्हणायचे, हो का. तेवढंच पाहिजे होतं मला. ते ऐकायला मी आठवडाभर थांबायचे.”

“अन् दादाजी?” भावनाच्या तोंडून घरची बोली निघाली. “सहा दिवस कोठडीत आहे थो. तुम्ही बोलू शकत होत्या.”

“शकत होते. म्हटलं, राहू दे. आपण खरं सांगतो आणि कोणी ऐकत नाही तेव्हा कसं वाटतं, ते त्यालाही कळू दे. मधुवंती फोनवर खरंच सांगत होती ना?”

दादाजी खाली बसले.

भावना गुरुवारपासून या क्षणाची वाट पाहत होती. ज्यानं आपल्या नावाला काळं फासायला लावलं त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं, आणि मग काय काय बोलायचं, हे तिनं स्कूटरवर कितीदा घोकलं होतं. आता त्यातलं तिला एकच वाक्य बोलावंसं वाटलं.

“कुसुमताई वासनिक बायांचीच बाळंतपणं करते. अडलेल्या बाईले वेळेवर पोचवासाठीच थे स्कूटर घेऊन फिरे.”

यमुताईंनी खुर्चीची पाठ धरली.

“माहीत आहे,” त्या हळू म्हणाल्या. “मी गेले होते, तिच्या वॉर्डाच्या दारापर्यंत. दोनदा. आत नाही जाता आलं. तिचा हिशेब मला कशातच मांडता येत नाही. तिच्यासाठी जी शिक्षा असेल ती द्या.”

गौरांग भावनाजवळ आला. “मी चुकलो. तुमची माफी...”

“इथं नको. ज्या ज्या ग्रुपवर टाकलं, त्या त्या ग्रुपवर टाका.”

उन्मेषनी शिपायाला दादाजींना बाहेर मोकळ्या हवेत बसवायला सांगितलं. वही काढली. तेवढ्यात मधुकरराव कोपरावर जोर देऊन उठायला लागले. चेहरा वेदनेनं पिळवटला होता, पण आवाजात वकील परत आला होता.

“यमू, एक शब्द बोलू नकोस. फडकं म्हणजे गुन्हा नाही. तू आत्ता जे बोललीस ते पुराव्यात घेता येत नाही. मजिस्ट्रेटसमोर कबुली दिलीस तरच. मी तुझं वकीलपत्र घेतो. तू गप्प राहिलीस तर मी तुला सोडवतो. मला ते जमतं.”

यमुताईंनी नवऱ्याकडं पाहिलं. भावनाला वाटलं, या बाई आता हसतील. त्या हसल्या नाहीत.

“फौजदारसाहेब, मजिस्ट्रेटसमोर सांगितलं तर ते सगळं लिहून घेतात? जसंच्या तसं?”

“हो बाई.”

“कोर्टात मोठ्यानं वाचतात? बाकीचे वकील असताना?”

“खटला चालला तर वाचावंच लागते.”

“सावनेरच्या कोर्टात?”

उन्मेषनी वहीवरून मान वर केली. “गुन्हा त्या हद्दीतला आहे. खटला पहिल्यांदा तिथंच जाईन.”

“यमू, तू काय करते आहेस ते तुला कळत नाहीये,” मधुकरराव म्हणाले. या वेळी आवाज वकिलाचा नव्हता. “चाळीस वर्षं मी त्या कोर्टात उभा राहिलो आहे.”

“म्हणूनच तर.”

यमुताईंनी चपला घातल्या. चष्मा पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि उन्मेषच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

“चला,” त्या म्हणाल्या. “सगळं कबूल करायचं आहे मला. पण मंगळवारपासून नका लिहू. सहा वर्षांपूर्वीच्या श्रावणातल्या त्या सकाळपासून लिहा. फोन नऊ वाजून दहा मिनिटांनी आला होता.”